कुंडीतला कोळसा
कुंडीत कोळसा घातला की झाड तरारतं, या समजुतीला ॲमेझॉनच्या ‘टेरा प्रेटा’ या काळ्या मातीचा दाखला दिला जातो. दाखला खरा, पण अर्धाच. युरोपीय येण्याआधीच्या वस्त्यांनी घडवलेल्या या मातीत कोळशाच्या चुऱ्यासोबत खापऱ्या, माशांचे काटे, हाडांचे तुकडेही सापडतात. म्हणजे तो पिढ्यान्‌पिढ्यांचा उकिरडा होता! फॉस्फरस, कॅल्शियम आलं ते मुख्यतः हाडांतून. कोळशाने पावसात वाहून जाणारं बरंच काही धरून ठेवलं. कोणी म्हणेल, कोळसा अशुद्धी शोषतो हे रसायनशास्त्रज्ञ लोवित्झने १७८५ सालीच दाखवलं होतं. खरंय, पण त्याने द्रावणांचा रंग उतरवला होता, कुंडीतली कूज थांबवली नव्हती. कुंडीत मुळं कुजतात ती बहुधा तुंबलेल्या पाण्याने, आणि त्याला तळाशी भोकच हवं. कोळसा घालायचाच तर आधी शेणखतात मुरवलेला घालावा.