निजामशाहीचे दोन कथाकार: मैत्री सांगणारा फरिश्ता, रक्त सांगणारा तबातबाई

#थ्रेड

१/ सोळाव्या शतकाच्या अखेरीस अहमदनगरच्या दरबारात परदेशातून दख्खनेत आलेले दोन लेखक वावरत होते. एक मुहम्मद कासिम हिंदूशाह, म्हणजेच फरिश्ता. दुसरा सय्यद अली तबातबाई. दोघांनीही फारसीत बहमनी आणि निजामशाही घराण्यांचा इतिहास लिहिला. भाषा एक, काळ एक, विषयही बहुतांशी एक. तरीही सामान्य माणूस राजपदाला कसा पोहोचतो, या प्रश्नाचे उत्तर दोघांनी अगदी भिन्न दिले आहे.

२/ फरिश्ताचा जन्म कॅस्पियन समुद्राकाठच्या अस्तराबादचा. वडील गुलाम अली हिंदूशाह यांच्यासह तो लहानपणीच अहमदनगरला आला. मुर्तजा निजामशाहाचा पुत्र मीरान हुसेन याला फारसी शिकवण्याचे काम वडिलांकडे आले. ते लवकरच वारले. परंतु राजपुत्राचा सहाध्यायी म्हणून फरिश्ता दरबारात वाढला आणि पुढे सुलतानाच्या पहाऱ्यावर नेमला गेला.

३/ १५८८ मध्ये मीरान हुसेनने बापाविरुद्ध उठाव केला. राजवाडा ताब्यात घेताना पहाऱ्यावरचा आपला बालमित्र त्याने ओळखला आणि त्याला जीवदान दिले. मुर्तजाला मात्र त्याने हमामखान्यात कोंडून धग आणि धुराने मारले. ज्या हाताने फरिश्ताचे प्राण वाचवले, तोच हात पितृहत्येने माखला होता. फरिश्ताने आपल्या ग्रंथात यांपैकी एकही गोष्ट लपवलेली नाही.

४/ वर्ष पुरे होण्याआधीच मीरान हुसेनचाही खून झाला. शहरात परदेशी लोकांची, म्हणजे आफाकींची, कत्तल उसळली. १५८९ च्या अखेरीस फरिश्ता अहमदनगर सोडून विजापुरास गेला. तेथे दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या आज्ञेवरून त्याने आपला मोठा इतिहास सिद्ध केला. ‘तारीख-ए-फरिश्ता’ या नावाने तो आज ओळखला जातो.

५/ तबातबाईची वाट नेमकी उलटी. तो आधी गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीत होता, मग अहमदनगरला आला. दुसऱ्या बुऱ्हाण निजामशाहाच्या (१५९१–१५९५) आश्रयाने त्याने ‘बुऱ्हान-ए-मआसिर’ लिहायला घेतले. ग्रंथाच्या नावातच आश्रयदात्याचे नाव गुंफलेले आहे. हा बुऱ्हाण काही काळ अकबराच्या आश्रयाला राहून परतला होता आणि स्वतःच्याच मुलाला, इस्माईलला, पदच्युत करून गादीवर बसला होता.

६/ आता दोघांच्या कथा शेजारी ठेवून पाहाव्यात. पहिली १३४७ मध्ये बहमनी राज्य स्थापन करणाऱ्या हसनची. फरिश्ता सांगतो: हसन हा दिल्लीतील गंगू नावाच्या ब्राह्मण ज्योतिषाकडे चाकरीस होता. गंगूने त्याला बैलजोडी आणि पडीक जमीन दिली. नांगरताना फाळ अडकला आणि मोहरांनी भरलेले भांडे निघाले. हसनने ते जसेच्या तसे धन्यापुढे ठेवले. पुढे राजा झाल्यावर त्याने गंगूचे नाव स्वतःच्या नावाला जोडले आणि खजिना त्याच्या हाती सोपवला.

७/ तबातबाईला ही कथा मान्य नाही. त्याच्या मते हसन हा प्राचीन इराणी राजा बहमन याचा वंशज. म्हणूनच घराणे ‘बहमनी’. आधुनिक संशोधक गंगूची कथा दंतकथाच मानतात, कारण हसनच्या समकालीन इसामीच्या काव्यात ती नाही. त्याचबरोबर बहमनपर्यंत पोहोचणाऱ्या वंशावळीवरही ते विश्वास ठेवत नाहीत. म्हणजे एकाने कृतज्ञता रचली, दुसऱ्याने कुळ रचले.

८/ दुसरी कथा निजामशाहीच्या मुळाची. फरिश्ताच्या म्हणण्यानुसार संस्थापक मलिक अहमदचा बाप मलिक हसन हा मूळचा तिमाभट, बहिरू नावाच्या ब्राह्मणाचा मुलगा. विजयनगरच्या स्वारीत तो बहमनींच्या हाती लागला. सुलतानाने त्याला राजपुत्र मुहम्मदाचा सोबती केले आणि दोघे एकत्र शिकले. राजपुत्राला ‘बहिरू’ म्हणता येईना, तो ‘बहरी’ म्हणू लागला. निजामशहांचे ‘बहरी’ हे उपनाम असे एका बालमित्राच्या बोबड्या उच्चारातून आले, असे फरिश्ता सांगतो.

९/ तबातबाईचा मार्ग येथेही रक्ताचाच. तो सांगतो की मलिक अहमद हा मलिक हसनचा मुलगाच नव्हे. तो बहमनी सुलतान मुहम्मदशाहाचा पुत्र. म्हणजे १४९० मध्ये अहमदने स्वतंत्र राज्य उभारले ते बंड नव्हते, वारशाचाच हक्क होता. बुऱ्हाणने ज्या परिस्थितीत गादी मिळवली होती, ती पाहता त्याच्या दरबाराला अशी वंशावळ किती हवीशी वाटली असेल हे उघड आहे.

१०/ फरिश्ताची कथा मात्र ओळखीची वाटते. राजपुत्राबरोबर एकाच पंतोजीपुढे बसलेला परका मुलगा आणि त्या सोबतीने पालटलेले त्याचे नशीब: तिमाभटाच्या गोष्टीत फरिश्ताचे स्वतःचे बालपण डोकावते. त्यामुळे ती कथा त्याने रचली असे सिद्ध होत नाही. पण ती इतक्या आत्मीयतेने का सांगितली, याचा अंदाज बांधता येतो.

११/ तरीही फरिश्ताला मैत्रीचा भाबडा गौरव करणारा ठरवणे चूक होईल. सोबतीच्या बळावर वर चढलेला हाच मलिक हसन १४८१ मध्ये महमूद गवानचा बळी घेणाऱ्या कारस्थानामागे होता, हेही तोच लिहितो. मैत्री माणसाला सत्तेच्या दारापर्यंत नेते. आत गेल्यावर तो कसा वागेल याची हमी ती देत नाही. मीरान हुसेनच्या सहाध्यायाला हे ग्रंथांतून शिकण्याची गरज नव्हती.

१२/ म्हणून हे दोन ग्रंथ एकत्र वाचावेत. तबातबाई वेढ्यांच्या आणि तहांच्या तपशिलासाठी मोलाचा. १५९५–९६ मधील चांदबीबीच्या लढ्याच्या वेळी तो याच दरबारचा लेखक होता. फरिश्ता माणसांमधील नात्यांसाठी मोलाचा. कोणत्याही राजवंशाची उगमकथा हाती आली की आधी विचारावे: ही सांगणारा कोणाच्या पदरी होता, आणि त्याला कोणी वाचवले होते?