पॉप्लरची घरपट्टी

घरपट्टीचा विषय निघाला की माणसे जांभया देऊ लागतात, आणि घरपट्टीचे बिल हातात पडले की तीच माणसे तावातावाने बोलू लागतात. कामगार चळवळीत काढलेल्या तीस वर्षांत आम्ही हे पुष्कळदा पाहिले आहे. संपाच्या सभेला मैदान अपुरे पडते. नगरपालिकेच्या अंदाजपत्रकावर सभा ठेवली की चार टाळकी जमतात. आणि संपाने मिळवलेले दहा रुपये भाड्यावाटे आणि पट्टीवाटे परत कसे जातात, याचा हिशेब कोणी मांडत नाही. हा हिशेब ज्यांनी मांडला, आणि मांडून तुरुंगात गेले, अशा काही नगरसेवकांची हकीगत येथे सांगावयाची आहे. हकीगत लंडनची आहे आणि १९२१ सालची आहे.

लंडनच्या पूर्व टोकाला, थेम्सच्या काठी, पॉप्लर नावाचा विभाग होता. वस्ती दीड लाखाच्या वर. बहुतेक माणसे गोदीत रोजंदारीवर राबणारी. सकाळी गोदीच्या दरवाजाशी उभे राहावयाचे; मुकादमाने बोट दाखविले तर काम, नाही तर रिकाम्या हाताने घरी. लंडनच्या गोद्यांशी आपला संबंध अगदीच नाही असे नाही. पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींवर डेकचे काम करणारे खलाशी मोठ्या संख्येने आपल्या रत्नागिरीकडचे असत, आणि त्यांची पावले या पूर्व लंडनात उमटलेली आहेत.

त्या काळी लंडन म्हणजे एक नगरपालिका नव्हती. शहराचे अठ्ठावीस विभाग होते, प्रत्येकाचे कौन्सिल वेगळे आणि प्रत्येकाची पट्टी वेगळी. शिवाय सिटी म्हणून ओळखला जाणारा जुना पेठेचा भाग निराळा. पट्टी बसे ती घराच्या वार्षिक भाडेमूल्यावर: हे घर वर्षाला किती भाड्याने जाईल ते ठरवावयाचे आणि दर पौंडामागे अमुक पेन्स घ्यावयाचे. ही पद्धत आपल्याला परकी वाटावयाचे कारण नाही. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात हाच साचा आला. वाजवी वार्षिक भाडे धरा, दुरुस्तीसाठी शेकडा दहा वजा करा, राहिलेल्या रकमेवर कर बसवा.

दिसावयास पद्धत सरळ आहे. खोच आहे ती विभागांच्या सीमारेषेत. वेस्टमिन्स्टर विभागात मोठी दुकाने, हॉटेले, कचेऱ्या आणि श्रीमंतांचे वाडे. तेथे पौंडाला एक पेनी पट्टी बसविली की एकतीस हजार पौंडांच्या वर रक्कम जमा होई. पॉप्लरमध्ये तीच एक पेनी बसविली तर जमत साडेतीन हजारांच्या आसपास. म्हणजे तेवढाच पैसा उभा करावयाचा तर पॉप्लरच्या गोदीकामगाराने वेस्टमिन्स्टरच्या लक्षाधीशापेक्षा पौंडामागे जवळजवळ नऊपट दराने पट्टी द्यावयाची. बरे, खर्च कोठे जास्त? जेथे गरिबी जास्त, तेथे. बेकारांना आणि निराधारांना जी मदत द्यावयाची, तिचा बोजा बहुतांशी त्या त्या विभागाच्या पट्टीवरच असे. १८६७ पासून सगळ्या लंडनचा एक सामाईक निधी होता खरा. पण तो मुख्यतः अनाथालयासारख्या 'वर्कहाउस'मध्ये कोंडलेल्या गरिबांसाठी. घरी राहून मदत घेणाऱ्याचा खर्च त्याच्या गरीब शेजाऱ्यांनी सोसावा, असा तो न्याय होता. महायुद्ध संपून मंदी आली, गोद्या ओस पडल्या, बेकारांच्या रांगा लागल्या, तेव्हा हा न्याय पॉप्लरच्या गळ्याशी आला.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. आठवड्याच्या भाड्याने राहणाऱ्या माणसाच्या हातात पट्टीचे बिल बहुधा पडतच नसे. ते मालकाकडे जाई आणि भाड्यात मिसळून वसूल होई. म्हणून 'कर आम्ही भरतो, तुम्ही कोण बोलणार?' असे मालकवर्ग म्हणू शके. आमच्या गावच्या चाळीतही हे वाक्य आम्ही ऐकलेले आहे, अगदी याच शब्दांत.

१९१८ च्या कायद्याने इंग्लंडात मताधिकार वाढला. गरिबीची मदत घेतली म्हणून मत जाण्याची जुनी तरतूदही रद्द झाली. त्याचा परिणाम लगेच दिसला. १९१९ च्या नोव्हेंबरात पॉप्लरच्या बेचाळीस जागांपैकी एकोणचाळीस जागा मजूर पक्षाने जिंकल्या. निवडून आलेल्यांत गोदीकामगार होते, रेल्वेचे नोकर होते, मजूर होते, घरकाम सांभाळणाऱ्या बाया होत्या. महापौर झाले जॉर्ज लॅन्सबरी, 'डेली हेरल्ड' या कामगार पत्राचे संपादक. (लोकमान्य टिळक त्याच वर्षी लंडनात होते आणि मजूर पक्षाच्या पुढाऱ्यांशी त्यांनी संबंध जोडले होते. पुढे १९२५ साली हिंदुस्थानच्या स्वराज्याचे एक बिल पार्लमेंटात मांडले ते याच लॅन्सबरींनी.) नव्या कौन्सिलने घरे, न्हाणीघरे, वाचनालये, क्षयाचा दवाखाना यांत लक्ष घातले आणि आपल्या नोकरांना आठवड्याला किमान चार पौंड वेतन ठरविले, पुरुषाला तेवढेच स्त्रीलाही. १९२० सालची ही गोष्ट आहे. हे ऐकून आजही कित्येक कारखानदारांच्या कपाळाला आठी पडेल.

आता मुख्य प्रसंग. प्रत्येक विभागाने आपल्या पट्टीबरोबर आणखी चार संस्थांसाठी रक्कम गोळा करून द्यावयाची असे: लंडन काउंटी कौन्सिल, पोलीस, पाणीपुरवठा मंडळ आणि रुग्णालयांचे एक मंडळ. या मागणीला इंग्रजीत 'प्रीसेप्ट' म्हणतात. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. युनियनच्या कचेरीत रात्री शब्दकोश शेजारी ठेवून वाचताना या शब्दाने आम्हांला बराच वेळ अडविले होते, कारण कोशात त्याचा अर्थ 'उपदेश' असा दिलेला! २२ मार्च १९२१ रोजी पॉप्लर कौन्सिलने ठरविले की हा उपदेश यापुढे ऐकावयाचा नाही. पॉप्लरच्या स्वतःच्या खर्चापुरती आणि गरिबांच्या मदतीपुरती पट्टी बसवावयाची. या चार संस्थांसाठी एक पेनीही गोळा करावयाची नाही. सगळ्या लंडनचा बोजा सगळ्या लंडनने ऐपतीप्रमाणे उचलावा, मग आम्ही आमचा वाटा देऊ.

हे उघड बेकायदा होते, आणि ते त्यांनी लपविले नाही. काउंटी कौन्सिल कोर्टात गेले. २९ जुलैला नगरसेवक पॉप्लरहून हायकोर्टापर्यंत पायी निघाले. पुढे कौन्सिलचा दंडधारी, गळ्यात पदाची साखळी घातलेले त्या वर्षीचे महापौर सॅम मार्च, मागे वाजंत्री आणि हजारो माणसे. फलकावर लिहिले होते की पॉप्लरचे कौन्सिल हायकोर्टाकडे आणि बहुधा तुरुंगाकडे चालले आहे. कोर्टाने हुकूम दिला; त्यांनी तो मानला नाही; सप्टेंबरच्या आरंभी कोर्टाच्या बेअदबीबद्दल तीस जणांना अटक झाली. पंचवीस पुरुष ब्रिक्स्टनच्या तुरुंगात, पाच स्त्रिया हॉलोवेच्या तुरुंगात. त्या स्त्रियांत नेली क्रेसल गरोदर होत्या. लॅन्सबरींच्या सूनबाई मिनी होत्या, आणि मुलगा एडगर पुरुषांत होता.

तुरुंगातली कामगिरी तर ऐकण्यासारखी. बाहेर जमलेल्या लोकांपुढे लॅन्सबरी कोठडीच्या गजांतून भाषण करीत. आम्हांला कौन्सिलचे काम चालविले पाहिजे, असा हट्ट धरून त्यांनी तुरुंगातच कौन्सिलच्या रीतसर सभा भरविल्या, आणि सरकारला हॉलोवेतल्या स्त्रियांना मोटारीतून ब्रिक्स्टनला आणावे लागले. नगरपालिकेची सभा गणपूर्तीअभावी तहकूब होते ती आपण नेहमीच पाहतो. येथे तुरुंगात गणपूर्ती झाली.

या मार्गाला विरोध करणारे त्यांच्याच पक्षात होते. शेजारच्या हॅकनी विभागाचे हर्बर्ट मॉरिसन हे त्यांतले प्रमुख. आज आम्ही कायदा मोडला तर उद्या आमची सत्ता आल्यावर धनिकांच्या कौन्सिलांनी आमचे कायदे का पाळावेत, असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न पोकळ नाही, आणि त्याला हसण्यावारी नेणाऱ्यांशी आमचे जमत नाही. पण मॉरिसनांच्या अर्जविनंत्यांनी जे अनेक वर्षांत झाले नव्हते, ते आता सहा आठवड्यांत होऊ लागले हेही खरे. स्टेप्नी आणि बेथनल ग्रीन या शेजारच्या गरीब विभागांनीही पॉप्लरच्या वाटेने जाण्याचे ठराव केले, तेव्हा मात्र सरकारच्या पोटात गोळा उठला. तीस माणसे तुरुंगात ठेवता येतात. सगळे पूर्व लंडन कोठे ठेवणार? वाटाघाटीला या असे निरोप तुरुंगात गेले. आम्ही कैदी म्हणून येणार नाही, असे उत्तर आले. अखेर १२ ऑक्टोबरला कोर्टाने त्यांना सोडले, माफी न मागता. नोव्हेंबरात नवा कायदा झाला. घरी दिल्या जाणाऱ्या मदतीचा खर्च त्याने सामाईक निधीवर टाकला, आणि वेस्टमिन्स्टरसारख्या विभागांचा पैसा पॉप्लरसारख्या विभागांकडे वळला.

त्याच १९२१ साली आपल्या मुंबईत काय चालले होते? महापालिकेचे बहात्तर सभासद. त्यांतले छत्तीस करदात्यांनी निवडलेले, बाकीचे सरकारचे, जस्टिस ऑफ द पीस मंडळींचे, विद्यापीठाचे आणि व्यापारी चेंबरचे. गिरणगावातला कामगार एका खोलीच्या भाड्यातून घरपट्टी भरीत होता आणि त्याला मत नव्हते. १९२२ च्या सुधारणेने महिना दहा रुपये भाडे भरणाऱ्याला मत मिळाले. दहा रुपये भाडे भरणारा गिरणीकामगार किती निघणार! प्रौढ मताधिकारावर मुंबईची निवडणूक झाली ती १९४८ साली. म्हणजे पॉप्लरने ज्या शस्त्राने लढा सुरू केला, ते आपल्याकडे येण्यास आणखी एकोणतीस वर्षे लागली.

पॉप्लरलाही सगळे मिळाले नाही. सुटकेनंतर तीन महिन्यांच्या आतच, १ जानेवारी १९२२ रोजी, मिनी लॅन्सबरी न्यूमोनियाने वारल्या. वय अवघे बत्तीस. चार पौंडांच्या वेतनावर सरकारी हिशेबतपासनिसाने बोट ठेवले, आणि १९२५ साली उमरावांच्या सभेतल्या न्यायाधीशांनी तपासनिसाची बाजू उचलून धरली. विशेषतः स्त्रीला पुरुषाइतके वेतन हे त्यांना फारच विचित्र वाटले. कराची वाटणी सुधारली. पण तो पैसा मजुराला पोटभर वेतन देण्यात किती खर्चावा हे निवडून आलेल्यांनी ठरवावयाचे की न्यायाधीशांनी, हा निकाल त्यांच्या विरुद्ध गेला.

नेली क्रेसल यांना बाळंतपण जवळ आले म्हणून सरकारने इतरांच्या आधीच, घाईघाईने, तुरुंगाबाहेर काढले होते. त्या पुढे कौन्सिलवर पुन्हा निवडून येत राहिल्या आणि १९४३ साली, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, पॉप्लरच्या महापौर झाल्या.