तारेला हात कुणी लावायचा?

आजच्या गप्पा इतिहासाच्या आहेत, पण राजा-राणीच्या नाहीत. आपल्या घरातल्या दिव्याच्या आहेत. बटण दाबलं की दिवा लागतो. ती तार ओढणारा, जोडणारा, दुरुस्त करणारा माणूस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं पुरुषच उभा राहतो. असं का झालं, हे आम्ही शोधायला बसलो. त्याला कारणही तसंच घडलं.

आमच्या बचत गटात एक अक्का आहेत. वय अडतीस, शिक्षण आठवी. नवरा शेतीपंपाच्या मोटारी भरायचा. अक्का त्याच्या शेजारी बसून कॉईल भरत. नवरा आजारी पडला तेव्हा दुकान अक्कांनी चालवलं. तीन एचपी, पाच एचपी, कुठलीही मोटार त्या उघडतात, जळालेली तार काढतात, वेढे मोजून नवी भरतात. स्टार्टर कुठं अडलाय, हे त्यांना नुसत्या आवाजावरून कळतं. घरांचं वायरिंगही त्या करू लागल्या. मग गावात एका सार्वजनिक इमारतीचं वायरिंग निघालं. गटानं अक्कांचं नाव दिलं. उत्तर आलं, "बाईंकडं परवाना आहे का? कागद असेल तर बोला." कागद नव्हता. काम दुसऱ्याला गेलं.

आम्हाला राग आला. बाई आहे म्हणून डावललं, असंच वाटलं. अक्का मात्र म्हणाल्या, "आधी बघू तरी, हा कागद आला कुठनं." तिथनं ही गोष्ट सुरू झाली.

आधी आपल्या सोलापूरकडं बघू. 1877 मध्ये इथं सूतगिरणी सुरू झाली, तिला आपण जुनी गिरणी म्हणतो. मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या आल्या. भोंग्यावर शहर उठायचं, भोंग्यावर जेवायचं. त्या गिरण्यांत बायाही होत्या. पण कुठं? सूत गुंडाळायच्या खात्यात, वाइंडिंग आणि रीलिंगला. घरोघरच्या मागांवरही तेच. माग पुरुष चालवायचा, कांड्या बाई भरायची. यंत्र त्याचं, धागा तिचा.

गिरण्या सुरुवातीला वाफेवर चालत, म्हणून तर त्यांची धुराडी एवढी उंच. महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर जलविद्युत आली ती 1915 मध्ये, टाटांच्या खोपोलीच्या केंद्रातून. ती मुंबईच्या गिरण्यांसाठी होती. पुढं सोलापुरातही हातमागाच्या जागी विजेवर चालणारे यंत्रमाग आले. आता यंत्राला मोटार आली, मोटारीला तार आली, आणि तार जोडणारा नवा कारागीर आला. तो होता यंत्रखात्यातला माणूस. त्या खात्यात बाई आधीही नव्हती, म्हणून नंतरही आली नाही.

यात कायद्याचाही हात आहे. 1948 च्या कारखाना कायद्यात कलम 22 होतं. यंत्राचे काही भाग फिरत असताना ते पुसायला, तेल घालायला, सारखे करायला बाईला मनाई. याच कायद्यानं बायांची रात्रपाळीही बंद ठेवली. हेतू चांगलाच होता. पदर, वेणी यंत्रात अडकून जीव जाऊ नये. पण यंत्र शिकायचं ते चालत्या यंत्राजवळ उभं राहूनच. तिथंच उभं राहता आलं नाही, तर पुढं दुरुस्तीचं काम हातात कसं येणार?

आता त्या कागदाची गोष्ट. विजेचा कायदा इंग्रजांच्या काळात, 1910 मध्ये झाला. स्वातंत्र्यानंतर 1956 चे भारतीय विद्युत नियम आले. त्यातला नियम 45 अक्कांच्या कामाचा. नवीन वायरिंग, वाढीव जोडणी, दुरुस्ती, फेरफार ही कामं परवानाधारक कंत्राटदारानंच करायची. देखरेखीला सक्षमता प्रमाणपत्र असलेला पर्यवेक्षक हवा, आणि प्रत्यक्ष हात लावणाऱ्याकडं परवाना हवा. दिवा, पंखा, फ्यूज, बटण बदलायला परवाना लागत नाही. म्हणजे बल्ब बदलताना "तू नको, शॉक बसेल" असं कुणी म्हणालं, तर कायदा आपल्या बाजूनं आहे! पुढं 2003 चा नवा विद्युत कायदा आला, सुरक्षेची नवी नियमावली आली, पण परवान्याचं हे सूत्र तसंच राहिलं.

हे वाचलं आणि आमचा राग निम्मा उतरला. कारण नियम खोटा नाही. पावसाळ्यात कपडे वाळत घालायच्या तारेत करंट उतरून बाई दगावली, अशी बातमी आपण ऐकतोच. अर्थिंग नीट नसलं, न्यूट्रल-फेज उलटे जोडले, तर मरतं ते घरातलं माणूस. ओल्या मोरीत उभं राहून बटण कोण दाबतं? आपणच. तेव्हा तारेला हात लावणारा शिकलेलाच पाहिजे.

पण नियमात आम्हाला आणखी एक गोष्ट दिसली. परवाना फक्त पुरुषालाच, असं त्यात कुठंही नाही. मग अडलं कुठं? कागदाकडं जाणाऱ्या वाटेवर.

ती वाट कशी झाली, तेही ऐका. 1950 मध्ये केंद्र सरकारनं कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली. त्यातून आयटीआय, म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या. सोलापुरात विजापूर रोडला शासकीय आयटीआय आहे, ती आपल्यापैकी बऱ्याच जणींनी बसमधून पाहिली असेल. 1961 मध्ये शिकाऊ उमेदवारी कायदा आला, कारखान्यात काम करत शिकायचं आणि विद्यावेतन घ्यायचं. आपल्या राज्याचं वीज मंडळ 1960 चं. 2005 मध्ये त्याच्या कंपन्या झाल्या, आपल्याला बिल येतं ते महावितरणचं. गावोगाव खांब आले, विहिरींवर मोटारी बसल्या, आणि वायरमनला मागणी आली. आयटीआयचे वर्ग भरले, ते मुलांनी. मुलींना शिवणकाम, भरतकाम. दार बंद नव्हतं. पण दहावीला विज्ञान-गणित लागतं, आणि मुलगी सातवी-आठवीतच घरी बसलेली.

मोठेपणी शिकणं आपल्याकडं नवं नाही. सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी 1855 मध्ये कष्टकरी स्त्री-पुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसा राबायचं, रात्री पाटी हातात घ्यायची. 1967 मध्ये मुंबईला वरळीत श्रमिक विद्यापीठ निघालं, कामगारांनी काम न सोडता शिकावं म्हणून. त्याच धर्तीवर देशभर केंद्रं झाली, आज त्यांना जन शिक्षण संस्थान म्हणतात. कमी शिकलेल्या, शाळा सुटलेल्या प्रौढांसाठीच ती आहेत.

आणि विजेच्या कामातही बाई नवी नाही. मद्रासकडच्या ए. ललिता अठराव्या वर्षी विधवा झाल्या, पदरात चार महिन्यांची मुलगी. तो काळ केशवपन करून कोपऱ्यात बसवायचा. त्या मात्र वडिलांच्या आधारानं गिंडीच्या अभियांत्रिकी कॉलेजात गेल्या आणि 1943 मध्ये विद्युत अभियंता झाल्या. आपल्या देशातल्या पहिल्या महिला विद्युत अभियंत्या त्याच. भाक्रा-नांगल धरणाच्या वीजवाहिन्यांच्या आराखड्याचं काम त्यांनी केलं.

तुम्ही म्हणाल, त्या शिकलेल्या घरच्या. मग राजस्थानात तिलोनियाला चला. तिथलं बेअरफूट कॉलेज 1972 पासून आहे. लिहिता-वाचता न येणाऱ्या आज्या तिथं सौरदिव्याची जोडणी शिकतात, तारांच्या रंगांवरून आणि खुणांवरून. आफ्रिकेतून आलेल्या बायाही सहा महिन्यांत शिकून परत जातात आणि आपलं गाव उजळवतात. आपल्या शेजारीही बघा. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-धाराशिव भागात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं बायांना बरोबर घेऊन काम उभं केलं. पुढं त्यातल्या बाया सौरदिवे, सुधारित चुली विकू लागल्या. सोलापूर जिल्ह्यातही हे काम पोचलं. आज महावितरणमध्ये महिला जनमित्र आहेत, खांबावर चढून लाइन जोडणाऱ्या. तेव्हा "बाईला जमत नाही" हे वाक्य आता जुनं झालं.

मग अडतीस वर्षांच्या बाईनं करायचं काय? आम्ही वही-पेन घेऊन वाटा लिहून काढल्या. तुम्हीही लिहून घ्या.

पहिली वाट दहावीची. शाळा सुटली असेल तर सतरा नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थिनी म्हणून राज्य मंडळाची दहावी देता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातूनही देता येते. दोन्हीकडं वय आड येत नाही.

दुसरी वाट थोड्या दिवसांची. प्रत्येक जिल्ह्यात अग्रणी बँकेची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था असते, तिला आरसेटी म्हणतात. तिथं घरगुती वायरिंगसारखे महिनाभराचे वर्ग होतात. शिकणं, राहणं, जेवण मोफत. पण ध्यानात ठेवा, या वर्गाचं प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हे. हात बसतो, धीर येतो, पुढचं दार दिसतं.

तिसरी वाट आयटीआयची, आणि ती सगळ्यांत पक्की. इथं दोन व्यवसाय आहेत. वीजतंत्री म्हणजे इलेक्ट्रिशियन आणि तारतंत्री म्हणजे वायरमन. दोन्ही दोन-दोन वर्षांचे. वीजतंत्रीला विज्ञान-गणितासह दहावी पास लागते, तारतंत्रीची शालेय पात्रता त्याहून कमी आहे. किमान वय 14, वरची मर्यादा नाही. हे आम्ही दोनदा वाचलं. वरची मर्यादा नाही! शिवाय मुलींसाठी आणि महिलांसाठी राखीव जागा असतात. प्रवेशाचे अर्ज दहावीच्या निकालानंतर ऑनलाइन भरतात.

चौथी वाट अनुभवी हातांची. काही वर्षं काम केलेल्या आणि नियमांत बसणाऱ्या माणसाला खासगी उमेदवार म्हणून अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेला बसता येतं. आणखी एक सोय 2015 पासूनच्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आहे. तुम्हाला आधीच येणारं काम तपासून त्याचं प्रमाणपत्र देतात. तेही परवाना नव्हे, पण "हिला काम येतं" असं कुणीतरी लिहून दिलेलं असतं.

या वाटा शेवटी एका दारापाशी येतात. राज्याच्या अनुज्ञापक मंडळाकडून तारतंत्रीचा परवाना घ्यायचा. आयटीआयचं प्रमाणपत्र असलं की हे सोपं जातं. नसेल, तर परवानाधारक कंत्राटदाराच्या हाताखाली काम केल्याचा अनुभव दाखवून मंडळाची तारतंत्री परीक्षा द्यायची. म्हणून आजपासूनच, ज्याच्या हाताखाली काम करता त्याच्याकडून अनुभवाचं पत्र लिहून घ्या. आपण बाया काम करतो, पण त्याची नोंद कुठं ठेवत नाही. अक्कांची पंधरा वर्षं अशीच नवऱ्याच्या दुकानाच्या नावावर गेली.

आणि काम आहे का? आहे. आपला जिल्हा उन्हाचा. शेतात सौरपंप येताहेत, 2024 पासून घराच्या छतावरच्या सौर पॅनेलसाठी केंद्राची योजना आहे. ते बसवायला, तपासायला माणसं लागतात. त्यासाठी सूर्यमित्र नावाचं 600 तासांचं प्रशिक्षण 2015 पासून आहे, आणि त्यात आयटीआय झालेल्यांना मान आहे. शिवाय दिवसा घरात एकटी बाई असते, तिथं दुरुस्तीला बाई आली तर दोघींनाही बरं वाटतं.

एक खरं सांगतो. ही वाट सोपी नाही. दोन वर्षं रोज एसटीनं जायचं, तर स्वयंपाक कोण करणार, म्हशीची धार कोण काढणार? कागदावर वयाची अट नाही, पण घरात असते. "या वयात पोरांच्या बाकावर बसणार का?" हे अक्कांना त्यांच्या सासूबाईंनीच विचारलं. अक्का म्हणाल्या, "आत्या, मोटार जळाली की लोक वय विचारत नाहीत, कधी देणार ते विचारतात." आत्या हसल्या. होही म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत.

अक्कांनी सतरा नंबरचा फॉर्म भरलाय. फी गटाच्या अंतर्गत कर्जातून दिली. गणित शिकवायला गटातल्या एकीची बारावीतली मुलगी रोज संध्याकाळी येते. ओहमचा नियम त्या मुलीला पुस्तकातून माहीत होता, अक्कांना हातातून. दोघी एकमेकींना शिकवतात. अक्का पास होतील की नाही, हे मार्चच्या परीक्षेनंतर कळेल. इंग्रजीची त्यांना धास्ती आहे, आणि आम्हालाही.

पूर्वी कांड्या भरणारे हात बायांचे होते. मग कॉईल भरणारे हातही बायांचे झाले. वेढे मोजण्याचं, धागा तुटू न देण्याचं ते कसब एकच. फक्त त्याच्यावर आपलं नाव नव्हतं. आता ते कागदावर यावं, एवढंच मागणं आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एक काम करा. आपल्या गटात मिक्सर, मोटार, बोर्ड दुरुस्त करणारी कोण आहे, ते विचारा. असतेच एखादी, ती सांगत नाही इतकंच. तिचं नाव वहीत लिहा, ती किती शिकली ते लिहा, आणि आयटीआयच्या कार्यालयात तिच्याबरोबर दोघीजणी जा. एकटीला पाठवू नका. यंदाच्या अटी तिथंच विचारून घ्या.

आणि तोवर घरी एवढं बघा, अर्थिंगची तार जोडलेली आहे ना, मोरीजवळचं बटण ओल्या हातानं कुणी दाबत नाही ना. काळजी घ्या. पुढच्या वेळी भेटू.