आईच्या हाकेला येणारी नर्स

१८९३ साली न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीतली एक मुलगी रडत आली आणि लिलियन वॉल्ड या नर्सला आपल्या बाळंतीण आईकडे घेऊन गेली. आईची दशा पाहून लिलियन हेलावली. मैत्रीण मेरी ब्रूस्टरसह ती वस्तीतच राहायला आली. घरोघरी उपचार सुरू झाले.

डॉक्टरची चिठ्ठी लागत नसे. आईने निरोप धाडला की नर्स निघे. जिने वाचवायला गच्च्यांवरून जाई.

न्यूमोनियावर तेव्हा पेनिसिलिन नव्हतं. नर्स ताप मोजी, अंग पुसे, पाणी पाजी, घरच्या बाईला शिकवी. एका वर्षी साडेतीन हजार रोगी असे घरी सांभाळले. शंभरातले आठच दगावले.

आज औषधं आहेत. बाळाला धाप लागली तर थांबू नका. आशाताईंना हाक मारा, दवाखाना गाठा.