दगडी कोळशाचं इंग्रजी

एखाद्या पुढाऱ्याचं इंग्रजी चुकलं की तो व्हिडिओ आपल्याकडे दोन दिवस ग्रुपग्रुपवर फिरतो. त्याने काम काय केलं, हे कुणी विचारत नाही. म्हणून मंडळी, आज थोडं नेदरलँड्सबद्दल. मातृभाषा नसताना उत्तम इंग्रजी बोलणाऱ्यांत आज डच लोक अगदी वरच्या रांगेत. आणि चुकांचे सर्वात भारी किस्सेही त्यांचेच.

या चुकीच्या इंग्रजीला त्यांच्याकडे स्वतंत्र नाव आहे, 'स्टेनकोलेन-एंगेल्स'. स्टेन म्हणजे दगड, कोलेन म्हणजे कोळसा. आपला दगडी कोळसाच की! विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डच बंदरांत इंग्रजांची कोळशाची जहाजं लागायची. धक्क्यावरचे कामगार खलाशांशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत व्यवहार उरकायचे. माल उतरायचा, पैसे मिळायचे, भाषेचं नाव मात्र कायमचं काळं झालं.

पण गंमत अशी की साहेब लोकही यातून सुटले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात डच सरकार लंडनमध्ये आश्रयाला होतं. पंतप्रधान खेर्ब्रांडी चर्चिलना भेटायला गेले आणि आत शिरताच म्हणाले, 'गुडबाय!' डचमधला 'शुभ दिवस' येतानाही चालतो, जातानाही. चर्चिल म्हणे उत्तरले, इतकी छोटी भेट माझी कधी झाली नव्हती. दुसरा किस्सा परराष्ट्रमंत्री लुन्स यांचा. केनेडींनी छंद विचारला. लुन्सना सांगायचं होतं, मी घोड्यांची पैदास करतो. पैदास करण्याचं डच क्रियापद इंग्रजीत असं काही ऐकू येतं की ते इथे लिहीत नाही. केनेडी दचकून म्हणाले, 'पार्डन?' लुन्स खूश: 'हो हो, पार्डन!' डचमध्ये घोड्यांना जवळपास तसंच म्हणतात. हे किस्से सांगोवांगीचे, थोडं मीठमसाला असणारच. पण डच माणूस ते स्वतःच हसत सांगतो, हे महत्त्वाचं.

मला सर्वात आवडतो तो योप डेन अउल यांचा. १९७३ ते १९७७ ते पंतप्रधान होते. आमचा देश उद्योजकांचा, हे सांगताना ते म्हणाले म्हणतात, 'वुई आर अ नेशन ऑफ अंडरटेकर्स.' म्हणजे अंत्यविधी करणाऱ्यांचा देश! उद्योजकाला डच शब्द 'ओंडरनेमर'. ओंडर म्हणजे अंडर, नेमेन म्हणजे टेक. त्यांनी तुकड्याला तुकडा जोडला. आणि खरं सांगायचं तर सतराव्या शतकातल्या इंग्रजीत अंडरटेकर म्हणजे काम अंगावर घेणारा, असाच अर्थ होता. नंतर तो तिरडीपुरता उरला. पंतप्रधान तीनशे वर्षं उशिरा बोलले, एवढंच.

दोन्ही भाषा सख्ख्या चुलत बहिणी, घोळ तिथेच होतो. डचमध्ये 'स्लिम' म्हणजे हुशार, 'एव्हेंट्युएल' म्हणजे कदाचित. डच माणूस 'इव्हेंच्युअली येतो' म्हणाला की इंग्रज वाट बघत बसतो. आपल्याला हे समजायला अवघड नाही. हिंदीतली 'शिक्षा' मराठीत आली की मास्तरांची छडीच दिसते. तिकडची 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, इकडची म्हणजे टवाळी.

बरं, हसणाऱ्या इंग्रजांचं काय? बॉस, कुकी, यॉट, लँडस्केप हे सगळे शब्द त्यांनी डचांकडूनच उचलले. पण सतराव्या शतकात समुद्री व्यापारासाठी दोघांच्या लढाया जुंपल्या. आपल्या वेंगुर्ल्यातली डच वखारही त्याच व्यापारी शतकातली, १६३७ ची. त्या वैरातून इंग्रजीत 'डच' शब्दाला टोमण्याचा वास लागला. दारूच्या जोरावर आलेलं धैर्य ते 'डच करेज', न कळणारी बडबड ती 'डबल डच'. म्हणजे कुणाची भाषा हास्यास्पद, हे व्याकरणापेक्षा भांडणावर ठरत होतं.

मग इंग्रजी इतकं चांगलं झालं कसं? शाळा आहेच, शिवाय तिथे इंग्रजी सिनेमे-मालिका डब न करता खाली डच अक्षरं देऊन दाखवतात. कान लहानपणीच तयार होतो. पण मातृभाषा सोडायची वेळ आली तेव्हा हेच लोक अडले. १९९० च्या सुमारास शिक्षणमंत्री यो रिट्झेन यांनी विद्यापीठांची भाषा इंग्रजी करण्याची कल्पना मांडली, तेव्हा मोठा गदारोळ झाला. १९९२ च्या कायद्यात उलटंच लिहिलं गेलं: शिकवणं आणि परीक्षा डचमध्ये, इंग्रजी अपवाद म्हणून. पुढे अपवाद इतके वाढले की डचला पुन्हा जागा मिळावी म्हणून २०२४ मध्ये सरकारला संसदेत नवं विधेयक आणावं लागलं.