'इन द हार्ट ऑफ द सी' : देवमाशापेक्षा भीतीची शोकांतिका

'इन द हार्ट ऑफ द सी' हा २०१५ साली प्रदर्शित झालेला, रॉन हॉवर्ड दिग्दर्शित इंग्रजी ऐतिहासिक सागरपट होय. नॅथॅनियल फिलब्रिक यांच्या २००० सालच्या याच नावाच्या ग्रंथावर तो आधारलेला आहे. क्रिस हेम्सवर्थ, बेंजामिन वॉकर, किलियन मर्फी आणि टॉम हॉलंड यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील नॅनटकेट बेट देवमाशांच्या शिकारीसाठी विख्यात होते. स्पर्म जातीच्या देवमाशाच्या तेलावर तेव्हा दिवे जळत. या तेलासाठी १८१९ च्या ऑगस्टमध्ये 'एसेक्स' हे जहाज तेथून निघाले. जॉर्ज पोलार्ड कप्तान, तर ओवेन चेस पहिला अधिकारी होता. २० नोव्हेंबर १८२० रोजी, प्रशांत महासागरात शिकार सुरू असताना, सुमारे ८५ फुटी देवमाशाने जहाजाला दोनदा धडक दिली आणि ते निकामी केले. वीस खलाशी तीन लहान होड्यांतून निघाले. पुढील तीन महिन्यांत उपासमारीने त्यांना मृत सहकाऱ्यांचे मांस खाण्यापर्यंत आणले. अखेरीस केवळ आठ जण वाचले.

चित्रपटात देवमासा सूड घेण्यासाठी होड्यांचा पाठलाग करतो. ही कल्पित भर आहे. खरी शोकांतिका एका निर्णयात होती. पश्चिमेकडील बेटांकडे वाऱ्याच्या साहाय्याने जावे, असे पोलार्डचे मत होते. मात्र तेथे नरभक्षक राहतात, या भीतीने चेस आणि दुसरा अधिकारी मॅथ्यू जॉय यांनी विरोध केला. तरुण कप्तानाने माघार घेतली आणि होड्या दूरच्या दक्षिण अमेरिकेकडे वळल्या. ज्या भयाने त्यांनी जवळचा मार्ग टाळला, तेच पुढे त्यांच्या होड्यांत अवतरले. पोलार्डच्या होडीत तर कोणी मरायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरले. चिठ्ठी त्याच्याच नात्यातील किशोरवयीन ओवेन कॉफिनच्या नावे निघाली. चित्रपटात हा प्रसंग बराच बदललेला आहे.

कादंबरीकार हर्मन मेलव्हिल वृद्ध टॉमस निकर्सनकडून ही हकिगत ऐकतो, अशी चित्रपटाची मांडणी आहे. तीही काल्पनिकच. वास्तवात १८२१ साली प्रसिद्ध झालेले चेसचे निवेदन मेलव्हिलने वाचले होते आणि त्याचा प्रभाव 'मोबी-डिक' (१८५१) या कादंबरीवर पडला. निकर्सनचे हस्तलिखित १९६० साली सापडले आणि १९८४ मध्ये छापले गेले.

सुमारे दहा कोटी डॉलर खर्चाच्या या चित्रपटाला तिकीट खिडकीवर तेवढी कमाईही करता आली नाही. समुद्रदृश्ये मात्र प्रभावी आहेत. या कथेचा उत्तरार्धही तितकाच बोलका आहे : १८२३ साली पोलार्डचे दुसरे जहाजही बुडाले. त्यानंतर त्याला जहाज मिळाले नाही आणि तो नॅनटकेटमध्ये रात्रीचा पहारेकरी झाला. कादंबरी प्रसिद्ध झाल्यावर मेलव्हिल त्याला तेथेच भेटला.