उकळतें पाणी आणि मोटारीचें एंजिन

खंडाळ्याच्या घाटांत रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभी असलेली मोटार, तिच्या तोंडांतून निघणारी वाफ, रिकामा डबा घेऊन पाण्याचा शोध करणारा ड्रायव्हर आणि सावलींत खोळंबून बसलेलीं मुलेंमाणसें, हें दृश्य एके काळीं मुंबई-पुण्याच्या प्रवाशांस चांगलें परिचयाचें होतें. तें दृश्य आतां विरळ झालें; पण त्यानें रुजविलेली एक समजूत मात्र टिकून राहिली. एंजिनाचा शत्रु म्हणजे उष्णता, तें जितकें थंड तितकें सुखी, ही ती समजूत. वडिलांची आठवण म्हणून जुनी फियाट किंवा अँबेसेडर जतन करणाऱ्या घरांतून ती अजून नांदते, आणि काटा मध्याच्या किंचित् वर सरकतांच चालविणाराच्या कपाळावर घाम उभा राहतो. ही समजूत अर्धी खरी आहे. उरलेल्या अर्ध्या भागापायीं मात्र कितीएक चांगलीं एंजिनें अकालीं झिजलीं.

सिलिंडरांत पेट्रोल पेटतें तेव्हां आंतील वायूचें उष्णतामान दोन हजार अंश सेंटिग्रेडच्याहि वर जातें. या उष्णतेपैकीं जुन्या एंजिनांत जेमतेम पाव भाग उपयुक्त कामीं येतो. कांहीं भाग धुराबरोबर निघून जातो, आणि मोठा वांटा सिलिंडरच्या भिंतींत शिरतो. तो काढून घेतला नाहीं तर तेलाचा पातळ थर जळून जाईल, पिस्टन फुगून जागच्या जागीं अडकेल आणि गाडी कायमची थांबेल. तेव्हां उष्णता काढून घेणें प्राप्तच आहे. प्रश्न एवढाच कीं, किती काढावी?

पहिल्या मोटारकारांना हा प्रश्न पडलाच नाहीं. १८८६ च्या जानेवारींत मॅनहाइमच्या कार्ल बेंझ यानें ज्या तीन चाकी गाडीचें पेटंट मागितलें, तींत पाणी थंड करण्याची वेगळी योजना नव्हती. सिलिंडरभोंवतालच्या पोकळींत पाणी असे; तें तापे, उकळे आणि वाफ होऊन हवेंत जाई. चुलीवरच्या पातेल्याइतकी ही रीत साधी होती. १८८८ च्या ऑगस्टांत बेंझची पत्नी बर्था ही दोन मुलांना बरोबर घेऊन, नवऱ्यास न सांगतां, त्याच्या गाडींतून माहेरीं प्फोर्झहाइमला गेली. अंतर शंभर किलोमीटरांहून थोडें अधिक. वाटेंत वीसलोख येथील औषधविक्याकडून तिनें इंधन विकत घेतलें, ही हकीकत पुष्कळांस ठाऊक असते. पाण्यासाठीं तिला वरचेवर थांबावें लागलें, ही गोष्ट त्या मानानें कमी सांगितली जाते.

परंतु या ओबडधोबड रीतींत एक गुण दडलेला होता. उघड्या भांड्यांतील पाणी शंभर अंशांच्या वर जात नाहीं, आणि उकळत आहे तोंपर्यंत फारसें खालींहि येत नाहीं. म्हणजे बेंझची गाडी एकदां तापली कीं आपोआपच एका स्थिर उष्णतामानावर चाले. आणि नवल असें कीं, तें उष्णतामान आजच्या एंजिनांच्या उष्णतामानाच्या अगदीं जवळचें होतें. पुढील पन्नास वर्षांचा इतिहास हा एका अर्थीं हा गुण गमावण्याचा आणि तो पुनः मिळविण्याचा इतिहास आहे.

एंजिनांची शक्ति वाढली तसें पाणी वाफेच्या रूपानें उधळणें परवडेनासें झालें. तेंच पाणी निववून पुनः वापरलें पाहिजे, हें उघड होतें. टाक्या झाल्या, वळणावळणांच्या नळ्या झाल्या. पण या प्रश्नाचें खरें उत्तर दिलें तें विल्हेल्म मायबाख यानें. नीस येथील हौशी व्यापारी एमिल येलिनेक याच्या आग्रहावरून डाइम्लरच्या कारखान्यानें १९०० सालीं जी पस्तीस अश्वशक्तीची मर्सिडीज गाडी तयार केली, तिच्या पुढें मायबाखनें मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसविला. सहा मिलिमीटर चौरसाच्या ८,०७० आंखूड नळ्या एकत्र जोडून तो बनविला होता. नळ्यांमधून वारा वाहे आणि त्यांच्या भोंवतालच्या चिंचोळ्या फटींतून पाणी. गाडी सावकाश चालली तरी वारा कमी पडूं नये म्हणून मागें पंखा होता. एवढ्या जोरकस एंजिनाला अवघें नऊ लिटर पाणी पुरूं लागलें. पुढें कित्येक वर्षें मोटारीचा चेहरा म्हणून जी जाळी ओळखली गेली, तिचा जन्म या रेडिएटरांत आहे.

सर्वच कारखानदारांना इतका खर्च झेपणारा नव्हता. १९०८ सालीं अमेरिकेंत फोर्डची टी मॉडेल गाडी निघाली. तिच्या पहिल्या सुमारें अडीच हजार गाड्यांना पाण्याचा पंप होता. नंतर तो काढून टाकण्यांत आला. तापलेलें पाणी हलकें होऊन वर चढतें व निवलेलें जड होऊन खालीं उतरतें, या निसर्गनियमावरच फोर्डनें भिस्त ठेविली. पंप नाहीं म्हणजे पंपाचा बिघाडहि नाहीं, असा हा रोकडा हिशेब. १९२७ पर्यंत अशा दीड कोटींवर गाड्या निघाल्या आणि लांबच्या चढावर पाणी उकळविण्यासाठीं त्या प्रसिद्ध झाल्या. पाणी किती तापलें आहे हें सांगणारें साधन मात्र गाडींत कांहींच नव्हतें. नाकाला वास आला किंवा डोळ्यांना वाफ दिसली कीं समजावें!

ही उणीव हॅरिसन बॉइस या अमेरिकनानें हेरली. १९१२ सालीं पेटंट मिळालेलें त्याचें ‘मोटोमीटर’ हें यंत्र म्हणजे रेडिएटरच्या झांकणावर उभी केलेली, कांचेच्या वर्तुळांत बसविलेली उष्णतामापक नळी. आंतील लाल द्रवाची रेघ किती चढली हें चालविणारास आपल्या जागेवरून दिसे. तें पाण्याचें नव्हे, तर पाण्यावरील वाफेचें उष्णतामान मोजी. आज धनिकांच्या संग्रहांत शोभेची वस्तु म्हणून तें ठेवलेलें आढळतें. पण त्याचें खरें महत्त्व असें कीं, एंजिनाचा ताप डोळ्यांनीं पाहण्याची संवय सामान्य मोटारवाल्यास त्यानें लावली. काळोखांत तें दिसत नसे, हा त्याचा दोष. पुढें चालविणाराच्या समोरच्या फळीवर घड्याळासारखी तबकडी आली आणि मोटोमीटर मागें पडलें.

एकदां मोजमाप सुरू झालें तेव्हां एक अनपेक्षित गोष्ट नजरेस आली. थंड प्रदेशांतील हिवाळ्यांत एंजिन फार तापत नव्हतें; उलट तें पुरेसें तापतच नव्हतें. मायबाखच्या वंशांतले रेडिएटर आपलें काम गरजेपेक्षां अधिक चोख करीत होते. लोक रेडिएटरवर घोंगडी टाकूं लागले, पुठ्ठे लावूं लागले. १९२५ च्या रोल्स-रॉइस फँटम गाडीला तर रेडिएटरपुढें खिडकीच्या झडपांसारख्या उभ्या पट्ट्याच दिल्या होत्या; त्या हातानें उघडाव्या, हातानें मिटाव्या. याहून शहाणपणाचा उपाय कॅडिलॅकच्या कारखान्यानें १९१४ सालच्या आपल्या आठ सिलिंडरांच्या गाडींत आधींच योजिला होता. तो म्हणजे थर्मोस्टॅट: पाण्याच्या वाटेंत बसविलेली, आपली आपण उघडणारी झडप. पाणी थंड असेपर्यंत ती मिटलेली राहते आणि पाण्याला रेडिएटरकडे जाऊं देत नाहीं. ठराविक उष्णतामान झालें कीं उघडते. बेंझच्या पातेल्यांत जें आपोआप घडत होतें, तें आतां योजनेनें घडूं लागलें.

मग ती झडप शंभर अंशांच्या जवळपास कां उघडूं नये? याला कारण हिवाळाच. पाणी गोठून एंजिन फुटूं नये म्हणून त्या काळीं त्यांत लांकडापासून काढलेलें मद्यार्क, म्हणजे मेथॅनॉल, मिसळीत. आणि तें ६५ अंशांनाच उकळतें. तेव्हां एंजिनाला साठ-सत्तर अंशांच्या आसपास ठेवणें भाग पडे. हा कोमटपणा यंत्राच्या गरजेंतून आला नव्हता, मद्यार्काच्या दुबळेपणांतून आला होता. पण तबकडीवर ‘नेहमींचा’ म्हणून जो आंकडा वर्षानुवर्षें दिसतो, तोच योग्य असें माणसास वाटूं लागतें. १९२७ सालीं ‘प्रेस्टोन’ या नांवानें ग्लायकॉल बाजारांत आलें. तें पाण्याहूनहि पुष्कळ वरच्या उष्णतामानाला उकळणारें असल्यामुळें हें बंधन गळून पडलें आणि थर्मोस्टॅटचे आंकडे हळूहळू ऐंशीच्या पुढें सरकले.

थंडपणानें नेमकें काय बिघडतें, याचा उलगडा १९३० नंतरच्या दशकांत इंग्लंडमधील मोटार-एंजिनियरांच्या संस्थेंत सी. जी. विल्यम्स याच्या प्रयोगांनीं झाला. तोंपर्यंत सिलिंडरची झीज म्हणजे लोखंडावर लोखंड घासण्याचा परिणाम, असें मानीत. विल्यम्सनें दाखविलें कीं, भिंती थंड असल्या म्हणजे झीज झपाट्यानें वाढते आणि तिचें मोठें कारण घर्षण नसून गंज हें आहे. एक लिटर पेट्रोल जळलें कीं सुमारें एक लिटर पाणी निर्माण होतें, हें ऐकून पुष्कळ श्रोत्यांस आश्चर्य वाटेल. गरम एंजिनांतून तें वाफ होऊन निमूटपणें निघून जातें. थंड एंजिनांत त्याचें दंव सिलिंडरच्या भिंतीवर धरतें, धुरांतील आम्लें त्यांत विरघळतात, आणि तें मिश्रण रात्रभर गाडी उभी असतांना लोखंड खात बसतें. तेंच पाणी खालच्या तेलांत मिसळून चिकट गाळ होतो. बाजारहाटापुरती चार फर्लांग जाऊन परत येणारी गाडी लांबच्या प्रवासाच्या गाडीपेक्षां लौकर म्हातारी कां होते, याचें कोडें येथें सुटतें.

राहिली वाफेची भीति. तिच्यावर उतारा म्हणून दाबाचें झांकण आलें. भांड्यांतील दाब वाढला कीं पाणी उशिरां उकळतें. दर चौरस इंचास सात पौंड दाब धरणाऱ्या झांकणाखालीं साधें पाणीहि सुमारें १११ अंशांपर्यंत उकळत नाहीं. उलट महाबळेश्वरच्या उंचीवर उघडें पाणी सुमारें ९५ अंशांनाच उकळतें. जुन्या गाड्या घाटमाथ्यावर दम टाकीत, त्यांत चढाइतकाच या गोष्टीचाहि हात होता. परंतु नव्या दाबामुळें जुने थर्मोस्टॅट गोंधळले, कारण त्यांतील द्रवानें भरलेला धातूचा भाता बाहेरच्या दाबानें आवळला जाई. या अडचणीवर सर्जियस व्हर्ने याचें मेण उपयोगीं पडलें. त्यानें १९३० नंतरच्या दशकांत मेणानें भरलेल्या डबीचा थर्मोस्टॅट सिद्ध केला. मेण वितळतांना एकदम फुगतें आणि एक दांडी ढकलून झडप उघडतें. दाबाची त्याला पर्वा नसते. बहुतेक मोटारींतून आजहि हीच युक्ति चालते.

आपल्याकडे या इतिहासाचा शेवटचा भाग उलटा वाचला गेला. कुर्ल्याच्या कारखान्यांत १९६४ पासून तयार झालेल्या फियाट, पुढें पद्मिनी नांवानें ओळखल्या गेलेल्या गाड्या, मुंबईच्या टॅक्सींच्या रूपानें २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत रस्त्यावर होत्या. अशा जुन्या गाड्यांच्या कितीएक मालकांस मिस्त्री एकच सल्ला देत: आपला देश उष्ण, थर्मोस्टॅट काढून टाका. काटा खालीं येई, मालक समाधान पावे. आणि आंत गाळ, गंज व पेट्रोलचा अधिक खर्च सुरू होई. त्यांतहि कांहीं एंजिनांत थर्मोस्टॅट उघडतांना पाण्याची आडवाट बंद करतो. तो काढला तर तापलेलें पाणी त्या आडवाटेनें रेडिएटर टाळून परत फिरतें, आणि थंडाव्याच्या आशेनें केलेला उपाय घाटांत नेमका ताप आणतो.

जुन्या गाडीचा काटा नव्या गाडीच्या काट्याहून बोलका असतो, हेंहि ध्यानांत घेण्याजोगें आहे. आजच्या पुष्कळ गाड्यांत काटा मुद्दामच मध्यावर रोखून धरलेला असतो. आंत दहा-वीस अंश इकडेतिकडे झाले तरी तो हलत नाहीं. जुन्या गाडीचा काटा चढावर चढतो, उतारावर उतरतो, रहदारींत अडकलें कीं कुरकुरतो. युद्धोत्तर काळांतल्या बहुतेक गाड्यांत सपाट रस्त्यावर ८० ते ९० अंश हें निरोगीपणाचें लक्षण होय. गाडी थांबवून लगेच पुनः चालू केली तर काटा थोडा वर दिसतो, कारण पाणी फिरण्याचें थांबलें तरी लोखंड आपली उष्णता त्यांत सोडीतच असतें. भिण्याची वेळ येते ती काटा थांबेनासा झाला तर; किंवा वाफ दिसत असतांना तो अकस्मात् खालीं पडला तर, कारण मोजणाऱ्या नळीभोंवतीं पाणीच उरलें नसल्याची ती खूण असूं शकते. आणि तापल्या रेडिएटरचें झांकण उघडण्याची घाई तर केव्हांहि करूं नये. दाब सुटतांच आंतलें पाणी एकदम उसळून अंगावर येतें.

थर्मोस्टॅट निरोगी आहे कीं नाहीं, हें पाहण्यास मिस्त्रीचीहि गरज नाहीं. त्याच्या कडेवर बहुधा त्याचा आंकडा कोरलेला असतो, बयाऐंशी किंवा अठ्ठ्याऐंशी. पातेल्यांत पाणी घेऊन तो दोऱ्यानें बुडाला न टेकेल असा सोडावा, शेजारीं उष्णतामापक धरावा आणि चूल मंद ठेवावी. त्या आंकड्याच्या जवळ झडप सावकाश उघडूं लागली तर तो परत गाडींत बसवावा. पाणी खळखळूं लागलें तरी ती मिटलेलीच राहिली, किंवा थंड पाण्यांतच उघडी दिसली, तर त्याच आंकड्याचा नवा आणावा.